पॉलिकार्बोनेटच्या स्कायलाइटवर सनकंट्रोल फिल्म: आधी शीट ओळखा, मग फिल्म घ्या

मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत तो पुन्हा तिथेच येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून इकडच्या उन्हाळ्यात भिंतीतल्या खिडकीपेक्षा छतातल्या पारदर्शक पत्र्यातूनच, म्हणजे स्कायलाइटमधूनच, जास्त ऊन आत शिरतं. उद्यमबाग-मच्छेची मशीन शॉप असोत, वडगाव-शहापूरचे यंत्रमाग असोत की टिळकवाडीतल्या घराच्या जिन्यावरचं छत असो, उजेडासाठी बसवलेली पॉलिकार्बोनेट शीट मार्च उजाडला की तापू लागते आणि ‘वरून फिल्म मारून घेऊ’ हा विचार पुढे येतो.

विचार चुकीचा नाही. पण बाजारात मिळणारी बहुतेक सनकंट्रोल फिल्म, म्हणजे ऊन अडवणारा पातळ चिकट थर, काचेसाठी बनवलेली असते, आणि पॉलिकार्बोनेट म्हणजे काच नव्हे, प्लॅस्टिक. ते काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, पोटात ओल धरतं आणि तापल्यावर वाफ सोडतं, शिवाय सहज ओरखडतं. फिल्म वर्षभरात फुगली, सुटली किंवा शीटलाच तडे गेले, तर कारण जवळजवळ नेहमी यांपैकी एक असतं.

उष्णता किती येते, याचा साधा हिशेब

१० फूट बाय ४ फूट पारदर्शक शीट म्हणजे ३.७ चौरस मीटर. मे महिन्यात स्वच्छ आभाळाखाली दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे साधारण ९५० वॅट ऊन पडतं. साध्या पारदर्शक घन शीटमधून त्यातला सुमारे ८० टक्के भाग आत येतो. म्हणजे एका शीटमधून २८०० वॅट. एक टन एसी ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा ही एकच शीट पाऊण टनापेक्षा जास्त एसीचं काम वाढवते. अशा चार शीट असलेल्या खोलीत पंखा फक्त गरम वारा फिरवत राहतो.

चांगली फिल्म हा ८० चा आकडा ४० च्या आसपास आणू शकते. २८०० चे १४०० वॅट होतात. फरक जाणवतो, पण खोली थंड होत नाही. ती कमी तापते. हे आधीच समजून घेतलं की नंतर फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

दुकानात तीन आकडे सांगतात. पहिला ‘व्हीएलटी’, म्हणजे दिसणारा उजेड किती आत येतो. दुसरा ‘टीएसईआर’, म्हणजे उन्हाची एकूण ऊर्जा किती अडते. तिसरा ‘आयआर रिजेक्शन’, म्हणजे अवरक्त किरणं किती अडतात, आणि जाहिरातीत तोच सगळ्यांत मोठ्या अक्षरात असतो. उन्हाच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी अवरक्त किरणांत, चाळीस-पंचेचाळीस टक्के दिसणाऱ्या उजेडात आणि उरलेली थोडी अतिनील किरणांत असते. ‘आयआर रिजेक्शन ९५ टक्के’ हा आकडा बऱ्याचदा अवरक्त पट्ट्याच्या एका अरुंद तुकड्यावर मोजलेला असतो. पट्ट्याचा बाकी भाग आणि दिसणारा उजेड आत येतच असतो. काउंटरवर दिव्यासमोर हात धरून जे प्रात्यक्षिक दाखवतात, त्या दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त असते, म्हणून तिथे फिल्म जादूसारखी वाटते. उन्हात ती तशी वाटत नाही. तुलना करायची तर टीएसईआरच विचारा. तो आकडाही माहितीपत्रकात बहुधा ३ मिमी साध्या काचेवर, फिल्म आतून लावून मोजलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा.

उजेडाचा हिशेब गुणाकाराने करायचा. शीट ८५ टक्के उजेड सोडते आणि फिल्म ३५ टक्के, तर आत ३० टक्के येतो. लेथवर व्हर्निअर वाचायला एवढा पुरतो. पण शीट दुधी असेल आणि ती मुळातच ५० टक्के सोडत असेल, तर उरतात १७-१८ टक्के, आणि मग दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते. दुधी शीटवर गडद फिल्म लावू नये. तिथला उपाय वेगळा आहे, तो पुढे येतो.

कोणत्या शीटवर फिल्म बसतच नाही

नालीदार किंवा ट्रॅपेझॉइडल शीटवर फिल्म बसत नाही. फिल्म सपाट पॉलिस्टरची असते. ती नळीच्या चढउतारांवर ताणली जात नाही, खोबणीत अधांतरी राहते आणि पहिल्याच वळिवात तिच्याखाली पाणी शिरतं. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या बहुतेक शेडवर लोखंडी पत्र्याच्या आकाराचीच पारदर्शक शीट असते, म्हणजे निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच निकालात निघतो.

छतावरचा पारदर्शक पत्रा पॉलिकार्बोनेटचाच आहे, असंही नाही. उन्हाकडे धरल्यावर आत धाग्यांची जाळी दिसली तर तो फायबरचा, म्हणजे एफआरपीचा. त्यावर फिल्म लावू नका. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दिसायला सारखंच. कापलेला अरुंद तुकडा हाताने वाकवून पाहा. पॉलिकार्बोनेट वाकतं, ॲक्रिलिक कटकन मोडतं. डोळ्याला चष्मा लावून आणि कापडात धरूनच हे करा.

सपाट घन शीट, सपाट पोकळ शीट म्हणजे मल्टिवॉल, आणि एकाच दिशेने वाकवलेली कमान, यांवर फिल्म बसते. घुमटावर ती फाकी-फाकी कापून लावावी लागते आणि प्रत्येक सांधा कधी ना कधी उठतो. त्या वाटेला न गेलेलं बरं.

शीट पिवळी पडली असेल तर तिच्यावर फिल्मचा पैसा घालू नका. पॉलिकार्बोनेटला अतिनील किरणं सोसत नाहीत. त्यांनी त्याची रासायनिक रचना बदलते, आधी पिवळेपणा येतो, मग पृष्ठभाग ठिसूळ आणि भुरभुरीत होतो. म्हणून कारखान्यात शीटच्या एका अंगावर सुमारे ५० मायक्रॉनचा संरक्षक थर चढवलेला असतो. मिलीमीटरचा विसावा भाग! शीटचं सगळं आयुष्य या थरावर अवलंबून असतं. काळं सुती कापड ओलं करून शीटवर घासा. कापडावर पांढरट भुकटी आली तर तो थर गेला आहे. फिल्मचा गोंद त्या भुकटीला चिकटेल आणि भुकटीसकट उचलला जाईल. अशी शीट गारपिटीतही फुटते. ती बदला.

आणखी एक तपासणी सोपी असूनही राहून जाते: शीट सुलटी बसली आहे का? नव्या शीटवर कंपनीचं नाव छापलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. छापील बाजू म्हणजे संरक्षक थराची बाजू, ती आभाळाकडे. उलटी बसवलेली शीट दोन-तीन वर्षांत पिवळी पडते आणि दोष मात्र ‘मालाला’ दिला जातो. तो पापुद्रा म्हणजे सनकंट्रोल फिल्म नव्हे. ‘राहू दे, तेवढीच सावली’ म्हणून तो काही महिने ठेवला तर त्याचा गोंद उन्हाने भाजून शीटवर पक्का बसतो आणि मग निघता निघत नाही. बसवताना कडांचा पापुद्रा दोन इंच सोलायचा आणि काम संपल्याबरोबर दोन्ही बाजूंचा पूर्ण काढायचा.

आतून की बाहेरून

काचेला फिल्म आतून लावतात, कारण आत पाऊस-वारा नसतो. पॉलिकार्बोनेटला तोच नियम लावला की गडबड होते.

आतून लावलेली फिल्म ऊन अडवते खरी, पण ऊन शीटमधून खाली उतरल्यावर. परावर्तन करणारी फिल्म ते वर फेकते, म्हणजे तेच ऊन शीटमधून दुसऱ्यांदा जातं. शोषणारी गडद किंवा सिरॅमिक फिल्म स्वतः तापते आणि शीटला चिकटूनच तापते. दोन्हींत शीटचं तापमान वाढतं, प्रसरण वाढतं, आणि त्यातली अर्धीअधिक उष्णता खाली खोलीकडे येते. पोकळ शीटमध्ये तर कप्प्यांतली हवाच कोंडून तापते. शिवाय आतली फिल्म शीटच्या वरच्या अंगाला अतिनील किरणांपासून काहीच संरक्षण देत नाही, कारण शीट वरूनच खराब होते.

बाहेरून लावलेली फिल्म ऊन शीटला शिवण्याआधीच परतवते, आणि शीटच्या संरक्षक थरावरही एक आवरण चढतं. म्हणून छतावरच्या पॉलिकार्बोनेटसाठी बाहेरची, म्हणजे ‘एक्स्टेरिअर’ दर्जाची आणि पॉलिकार्बोनेटला चालणाऱ्या गोंदाचीच फिल्म घ्यावी. या दोन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्या. काचेची आतली फिल्म बाहेर लावली तर तिच्या वरचा ओरखडारोधक थर उन्हाने चिरफाळतो आणि धातूचा थर कडांकडून गंजत आत सरकतो. चंदेरी फिल्मवर काळसर नक्षी दिसू लागली की ओळखावं. हमी किती वर्षांची हेही लेखी विचारा, कारण उभ्या काचेपेक्षा उताराच्या छतावर कंपन्या कमी वर्षांची हमी देतात.

‘९९ टक्के यूव्ही अडवते’ या वाक्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पॉलिकार्बोनेट स्वतःच जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतं. खाली ठेवलेल्या मालापर्यंत ती मुळात पोचतच नाहीत. शहापूर-वडगावकडच्या विणकरांनी हे विशेष लक्षात घ्यावं. पारदर्शक शीटखाली ठेवलेल्या साडीचा रंग उडत असेल तर त्याचं कारण दिसणारा तीव्र उजेड आणि उष्णता आहे. त्यावर उपाय म्हणजे कमी व्हीएलटीची फिल्म किंवा माल उजेडाच्या पट्ट्यातून हलवणं. नुसती स्वच्छ ‘यूव्ही फिल्म’ लावून रंग टिकणार नाही. ती फिल्म शीट टिकवायला उपयोगी, आणि तीही बाहेरून.

फुगे का येतात

पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषतं. ३ मिमी जाडीच्या एका चौरस मीटर शीटचं वजन ३.६ किलो. पावसाळ्यात पुरती भिजलेली शीट आणि कोरड्या हवेतली शीट यांच्यात वजनाच्या ०.१५ टक्क्याच्या आसपास पाण्याचा फरक पडू शकतो, म्हणजे चौरस मीटरमागे पाचेक ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण पाच ग्रॅम पाण्याची वाफ सात लिटरच्या आसपास जागा घेते. एप्रिलमध्ये शीट ५५-६० अंशांपर्यंत तापली की ही ओल दोन्ही अंगांनी बाहेर पडू पाहते. एका अंगावर वाफ न सोडणारी फिल्म चिकटलेली असेल तर वाफ गोंदाखाली अडकते आणि टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो फुगे येतात. ते स्क्विजीने, म्हणजे पाणी ओढून काढायच्या पट्टीने, बाहेर काढता येत नाहीत, कारण ते लावताना राहिलेल्या पाण्याचे नसतात. पुढे ते एकमेकांत मिसळून रुपयाएवढे होतात.

खानापूर तालुक्यात, कणकुंबी-आमगावच्या बाजूला, पाऊस इतका आणि इतके महिने असतो की दसऱ्याला कोरडी दिसणारी शीटही आतून ओलीच असते. तिथे दिवाळीनंतर महिनाभर ऊन खाऊ द्यावं. एकूण या भागात काम करायचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन सौम्य, आणि गोंद पूर्ण धरायला लागणारा महिनाभर कडक उन्हाआधी मिळतो. लोक नेमके एप्रिलमध्ये फोन करतात, तेव्हा शीट तव्यासारखी तापलेली असते, फवारलेलं पाणी मिनिटात उडतं, आणि लगेच वळीव येतो.

पूर्ण काम करण्याआधी चाचणीचा तुकडा लावाच. ३० बाय ३० सेंटिमीटर, सगळ्यांत जास्त ऊन खाणाऱ्या जागी, आणि पुढे दिली आहे त्याच पद्धतीने. तीन आठवडे राहू द्या. फुगे नाहीत, कड उठली नाही, शीटवर बारीक रेघा उमटल्या नाहीत, तर पुढे जा. घाई असेल तर दोन दिवसांनी हेअर ड्रायरने तो तुकडा पंधरा मिनिटं गरम करा, हात टेकवत नाही इतपत. बारीक फुगे उठले तर शीट अजून वाफ सोडते आहे. ही चाचणी न करता ‘काही होत नाही साहेब’ म्हणणाऱ्याकडून काम घेऊ नका.

शीट हलते, फिल्म तेवढी हलत नाही

पॉलिकार्बोनेट मीटरमागे, दर अंशाला ०.०७ मिमी वाढतं. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी शीटचं तापमान ६० धरलं, तर ३ मीटर लांब शीट १० मिमी लांब-आखूड होते. फिल्मचं पॉलिस्टर तेवढ्याच फरकात ३ मिमीच्या आसपास हलतं. उरलेले ७ मिमी गोंदाने सोसायचे असतात. काचेच्या फिल्मचा कडक, कोरडा, पाण्याने जागा होणारा गोंद हे सोसत नाही. इथे मऊ, दाबाने चिकटणारा गोंदच हवा.

त्याआधी शीटला हलायला जागा आहे का ते पाहा. स्क्रू ६ मिमीचा असेल तर भोक १० मिमीचं हवं, आणि वर ईपीडीएम रबराचा रुंद वॉशर. फॅब्रिकेटर बऱ्याचदा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट शीटमधून परलीनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारात, घुसवतात. भोक स्क्रूइतकंच राहतं आणि शीट दर स्क्रूपाशी अडते. अशी शीट मधे फुगते, दुपारी कटकट आवाज करते आणि भोकापासून चांदणीसारखे तडे जातात. फिल्म लावून हा दोष झाकला जातो, बरा होत नाही. स्क्रू काढा, भोकं मोठी करा, वॉशर बदला, मग फिल्म.

प्रत्यक्ष लावताना

लागणारं सामान: फिल्म (मापापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त), हाताने पंप मारायचे दोन फवारे, बेबी शाम्पू, मऊ मायक्रोफायबर कापडं, रबराची आणि कडक प्लॅस्टिकची स्क्विजी, नवी ब्लेडं, कागदी चिकटपट्टी, न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. ४० चौरस फुटांच्या शीटला ४ लिटर पाणी धरा. बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार फिल्मखाली पांढरे डाग ठेवतात. फिल्टरचं पाणी घ्या, लिटरला १ ते २ मिली शाम्पू. जास्त शाम्पू घातला तर फिल्म सहज सरकते, पण नंतर धरत नाही.

सकाळी दव उडाल्यावर सुरुवात करा आणि शीट हाताला गरम लागायच्या आत थांबा. आधी शीटवर भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. उद्यमबागेत फाउंड्रीची बारीक वाळू छतावर बसलेली असते. कोरडं कापड फिरवलं की तीच वाळू ५० मायक्रॉनचा थर घासून काढते. मग शाम्पूच्या पाण्याने हलक्या हाताने, मग साध्या पाण्याने. चिकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात, आणि लगेच धुवायचं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, आणि काच साफ करायचं अमोनियावालं निळं पाणी पॉलिकार्बोनेटवर अजिबात नको. वाकवून बसवलेल्या शीटला तर जास्तच धोका, कारण ती आधीच ताणलेली असते आणि थिनर लागताच बारीक चिरा सुटतात. काच साफ करताना कारागीर ब्लेडने खरवडतात. ती सवय इथे खिशात ठेवायला सांगा.

फिल्म कापायची ती खाली, सपाट टेबलावर. हा सगळ्यांत महत्त्वाचा फरक आहे. काचेवर फिल्म आधी चिकटवून कडेने ब्लेड मारतात, काचेला काही होत नाही. पॉलिकार्बोनेटवर तोच ब्लेड संरक्षक थर चिरत जातो. दिसायला ती केसासारखी रेघ. पण शीट तापून-निवून रोज ताणली जाते आणि तडा त्याच रेघेवरून सुरू होतो. कागदाचा साचा करा, चौकटीपासून चारही बाजूंना ३ मिमी फट धरून साचा कापा, त्यावरून फिल्म.

शीट ३ मीटरपर्यंत असेल तर उताराच्या दिशेने एकच पट्टी. रोल सहसा १.५२ मीटर रुंद असतो, त्यामुळे ४ फुटी शीटला मधे सांधा लागत नाही. शीट याहून लांब असेल तर फिल्म तोडून २ मिमी फट ठेवा. एकावर एक चढवू नका. फिल्मच्या वरच्या कडक थराला गोंद नीट धरत नाही आणि आडवा सांधा पाणी ओढतो.

शीटवर भरपूर फवारा. एकाने फिल्म धरायची, दुसऱ्याने मागचा पातळ कागद, म्हणजे लायनर, सोलत गोंदाच्या बाजूवरही फवारायचं. फिल्म ठेवा, सरकवून जागेवर आणा, वरूनही पाणी मारा, आणि मधून कडांकडे स्क्विजी ओढा. पहिला हात हलका, दुसरा जोर लावून, तिसरा कडांवर कापड गुंडाळून. शेवटी कडा पूर्ण कोरड्या करून, दुसऱ्या दिवशी, चारही बाजूंना न्यूट्रल सिलिकॉनची ४-५ मिमीची बारीक रेघ. सिलिकॉनच्या नळीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते ॲसिटॉक्सी आहे. त्याच्या आम्लाने शीट आणि फिल्मचा धातू दोन्ही बिघडतं. दुकानात ‘सिलिकॉन द्या’ एवढंच म्हटलं तर बहुधा तेच हातात पडतं.

पहिले काही दिवस पाण्याचे ढगाळ ठिपके दिसतात. ते जातात. महिनाभर धुवू नका, फुगे टोचू नका.

छतावर चढताना

पॉलिकार्बोनेट शीटवर पाय देऊ नका, कितीही भक्कम वाटली तरी. परलीनवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच काम करायचं, पट्टा बांधून, आणि खाली कोणी उभं नसावं. फिल्म लावल्यावर एक नवा धोका तयार होतो: उजेडाची शीट आजूबाजूच्या पत्र्यासारखी दिसू लागते. पुढच्या वर्षी गटार साफ करायला चढलेल्या माणसाला ती ओळखू येणार नाही. शेजारच्या लोखंडी पत्र्यावर चारही बाजूंनी पिवळ्या रंगाचा पट्टा मारा, आणि शक्य असेल तिथे शीटखाली जाळी बसवा.

फिल्म नाही, तर काय

नालीदार शीट, दुधी शीट, खूप मोठं क्षेत्र: इथे शेडनेट जास्त काम करतं. ५० टक्क्यांचं नेट शीटपासून सहा इंच ते फूटभर उंच तारांवर ताणा. मधून वारा खेळला पाहिजे. शीटला टेकलेलं नेट स्वतः तापून शीटही तापवतं, आणि वाऱ्यात घासून ओरखडे पाडतं. मेअखेर, मृगाच्या आधी उतरवून ठेवा. हरितगृहावर मारतात तो पाण्यात मिसळायचा पांढरा शेडिंग रंगही चालतो, तो पावसात हळूहळू धुतला जातो. साधा ऑइल पेंट मारू नका, त्यातला थिनर शीट खातो. चुन्याचा हात तर नकोच. चुना आणि सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं आणि पॉलिकार्बोनेटला ते बाधतं. वरच्या मजल्यावर गिलावा चालू असेल तर खालच्या शीटवर ताडपत्री टाका.

आणि तापलेली हवा जाणार कुठे, हेही पाहा. शेडच्या माथ्यावर वारा जायला वाट नसेल तर उत्तम फिल्मखालीही दुपारी चारला गुदमरतं. शीट बदलायचीच असेल तर नव्या शीटमध्येच परावर्तक थर असलेला प्रकार घ्या. नंतर फिल्म लावण्यापेक्षा ते टिकाऊ. पोकळ शीट घेताना वरचं टोक ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद आणि खालचं टोक हवा जाणाऱ्या सच्छिद्र टेपने. दोन्ही टोकं उघडी राहिली की पहिल्या पावसाळ्यातच कप्प्यांत शेवाळ धरतं, आणि ते वरून कुठलीही फिल्म लावून जात नाही.

जुनी फिल्म काढायची असेल तर

काचेवरची फिल्म काढायला अमोनिया फवारून वर काळं प्लॅस्टिक टाकतात. पॉलिकार्बोनेटवर हे केलं तर शीट संपली समजा. सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा हेअर ड्रायरच्या ऊबेने गोंद मऊ करा, कोपरा नखाने उचला आणि फिल्म स्वतःवर दुमडून, शीटला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. एका हाताची लांबी निघायला मिनिटभर लागलं तरी चालेल. झटका दिला की वरचा पापुद्रा फाटून येतो आणि गोंद खाली राहतो. राहिलेल्या गोंदावर अल्कोहोल-पाण्यात भिजवलेलं कापड पाच मिनिटं ठेवून पुसायचं, घासायचं नाही. त्यानंतर काळ्या कापडाची चाचणी पुन्हा करा. भुकटी आली तर नवी फिल्म मागवू नका, नवी शीट मागवा.